परक्याचे घर : निजामशाही नगरातील आफाकी आणि दख्खनी

अरबी भाषेत 'गरीब' या शब्दाचा अर्थ परका, अनोळखी, आपला मुलूख सोडून आलेला असा आहे. उर्दूत आणि मराठीत हाच शब्द निर्धन माणसासाठी रूढ झाला. अर्थ असा का बदलला असावा, याचा विचार केला तर फार दूर जावे लागत नाही. ज्याला गावात घर नाही, भाऊबंद नाहीत, ज्याच्यासाठी कोणी जामीन राहत नाही, त्याच्या गाठीला चार मोहरा असल्या तरी तो निर्धनच.

दख्खनच्या इतिहासात मात्र हा शब्द मूळ अर्थाने भेटतो. बहमनी आणि निजामशाहीच्या तवारिखांत 'गरीब' म्हणजे ईराण, तूराण, अरबस्तान, तुर्कस्तान या मुलखांतून समुद्रमार्गे येऊन येथे चाकरी धरलेले लोक. त्यांनाच 'आफाकी' असेही म्हणत. आफाक म्हणजे क्षितिजे. क्षितिजापलीकडून आलेले ते आफाकी. त्यांच्यासमोर उभे असत ते 'दख्खनी' : उत्तरेतून पिढ्यांपूर्वी आलेले, येथेच जन्मलेले, येथल्याच बायाबापड्यांच्या पोटचे आणि येथेच धर्म बदललेले मुसलमान. हबशी बहुधा दख्खनींच्या बाजूला असत.

या दोन गटांच्या भांडणावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. ते लिखाण दरबार, वजिरी आणि लढाया यांच्याभोवती फिरते. आम्हाला येथे एक साधा प्रश्न विचारायचा आहे. समुद्र ओलांडून आलेल्या या माणसाला आमच्या अहमदनगरात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, राहायला घर कसे मिळत होते? आणि मिळालेले घर किती दिवस टिकत होते?

शहरच परक्यांचे

सीना नदीकाठी, भिंगारजवळ, मलिक अहमद याने १४९० साली बहमनी फौजेचा पराभव केला. त्या जागी त्याने बाग निजाम उभारली आणि १४९४ मध्ये शेजारी शहराचा पाया घातला. थोड्याच वर्षांत या शहराची तुलना बगदाद आणि कैरोशी होऊ लागली, असे फिरिश्ता लिहितो. दरबारी इतिहासकाराची ही अतिशयोक्ती सोडून दिली तरी एक गोष्ट उरते. नवे शहर म्हणजे सगळेच बिऱ्हाडकरू. शिपाई, कारकून, माळी, कोष्टी, गवंडी, मुल्ला, सावकार हे सगळे कोठून ना कोठून उठून आले होते.

खुद्द राजघराण्याची गोष्ट पाहा. मलिक अहमदचा बाप मलिक हसन जन्माने ब्राह्मण. विजयनगरच्या मुलखात लहानपणी पकडला गेला, बहमनी दरबारात वाढला आणि निजाम-उल-मुल्क झाला. त्याच्या पूर्वजांचे मूळ गाव पाथरी, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. मलिक अहमदचा मुलगा पहिला बुऱ्हाण निजामशाह याच्या अमदानीत पाथरीची मागणी झाली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला गेला. इमादशाहने नकार दिला तेव्हा १५१८ मध्ये फौज पाठवून पाथरी घेतली. पुढे ती तेथील ब्राह्मण नातलगांना इनाम दिली गेली, असे फिरिश्ता सांगतो.

अरबी-उर्दूत 'वतन' म्हणजे मायभूमी. मराठीत 'वतन' म्हणजे वंशपरंपरेचा हक्क, कुळकर्ण, पाटीलकी, जमीन. पाथरीच्या या हकीकतीत दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. तख्तावर बसलेल्या सुलतानालाही आपले मूळ घर हवे होते. मग जहाजातून उतरलेल्या फाटक्या मुसाफिराची ओढ किती असेल?

शाह ताहिर यांचा प्रवास

परक्याला आसरा कसा मिळे, याचे सर्वांत चांगले उदाहरण शाह ताहिर हुसैनी यांचे आहे. शाह ताहिर ईराणमधील मोठे विद्वान. शाह इस्माईल सफवीची मर्जी फिरली आणि जीव वाचवण्यासाठी त्यांना देश सोडावा लागला. १५२० च्या सुमारास ते गोव्याला उतरले आणि विजापूरला गेले. इस्माईल आदिलशाहला त्या वेळी शिपायांची गरज होती, पंडितांची नव्हती. तेथे त्यांना कोणी विचारले नाही. हजला निघून जावे असे ठरवून ते परांड्याला आले. परांड्याचा किल्लेदार ख्वाजा जहान याने त्यांना ठेवून घेतले, राहण्याची सोय केली आणि आपल्या मुलांना शिकवण्याचे काम दिले.

योगायोग असा की बुऱ्हाण निजामशाहचा उस्ताद पीर मुहंमद शिरवानी वकिलीच्या कामासाठी परांड्याला आला. तो शाह ताहिर यांच्याजवळ बसून ज्योतिषशास्त्रावरचा 'अल-मजिस्ती' हा कठीण ग्रंथ शिकू लागला. नगरला परतल्यावर त्याने राजाजवळ त्यांची तारीफ केली. मग राजाचे बोलावणे गेले आणि १५२२ मध्ये शाह ताहिर नगरात दाखल झाले. किल्ल्यात त्यांचे दर्स सुरू झाले. आठवड्यातून दोन दिवस शहरातील आलिम जमत आणि स्वतः बुऱ्हाण ऐकायला बसे.

या प्रवासाच्या पायऱ्या नीट पाहिल्या तर परक्याला घर मिळण्याची त्या काळची रीतच हाती लागते. प्रथम बंदर. मग एखादा दरवाजा जो उघडत नाही. मग एखादा सरदार जो ओसरी देतो. मग शिफारस करणारा एक माणूस. आणि शेवटी राजाची सनद. पैशाला या साखळीत फारशी जागा नाही. भाडे आणि अनामत यांच्या जागी हुन्नर, इल्म आणि शिफारस चालत असे. ज्याच्यापाशी इल्म नाही आणि ओळखही नाही, असे कितीतरी मुसाफिर बंदरांवर, सरायांत आणि मशिदींच्या ओवऱ्यांत राहिले असतील. तवारीख लिहिणाऱ्यांनी त्यांची नावे टिपून ठेवली नाहीत.

बुऱ्हाणने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. त्याच सुमारास किल्ल्यापासून जवळ बारा इमामांच्या नावाने मोठे आवार बांधले गेले. मशीद, शिकण्याची जागा, आल्यागेल्यासाठी लंगर. हाच आपला कोठला. बाहेरून येणाऱ्या विद्वानाला उतरण्याची हक्काची जागा म्हणून तो बांधला गेला. आज त्या नावाने सगळा परिसर ओळखला जातो आणि मोहरममध्ये तेथील बडे इमामांची सवारी निघते तेव्हा हिंदू-मुसलमान मिळून हजारो माणसे रस्त्यावर असतात. नवस फेडणाऱ्यांत तर हिंदू बायकाच पुष्कळ दिसतात. हा कोठला परदेशी पाहुण्यांसाठी होता, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानातही नसते.

शाह ताहिर मात्र कायमचे नगरचे झाले नाहीत. त्यांचे निधन येथेच झाले. देह आधी येथे ठेवला आणि पुढे करबलाला नेण्यात आला. पंचवीसहून अधिक वर्षे येथे राहिलेल्या माणसाची कबर येथे नाही.

हवेलीच्या सावलीत

सगळ्यांना राजाचे बोलावणे येत नसे. बहुतेक आफाकी एखाद्या अमीराच्या पदरी राहत. अमीर हवेली बांधी. हवेलीभोवती त्याचे स्वार, कारकून, तोफची, हकीम यांची घरे उभी राहत आणि तो पुरा होई. सर्जेपुरा, तोफखाना ही नावे त्याच वस्तीच्या खुणा आहेत. 'मोहल्ला' या शब्दाचे मूळही अरबी आहे. जेथे प्रवासी आपले ओझे सोडतो, उतरतो, ती जागा म्हणजे मोहल्ला. घराला लागते पाणी, तेही राज्यकर्त्यांनीच आणले. कापूरवाडीसारख्या गावांपासून खापरी नळांनी शहरात पाणी खेळवले होते. हवेलीतला हौद भरला म्हणजे आसपासच्या दहा चुली पेटत.

हुन्नरवाल्यांना तर मागणीच होती. मुहंमद बिन हुसैन रूमी हा तुर्की कारागीर नगरात राहिला आणि १५४९ मध्ये त्याने 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ येथे ओतली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. नगरची मक्का मशीद रूमीखानाच्या नावाने सांगितली जाते. तोफ परगावी गेली, मशीद राहिली.

यांच्याहून वेगळा होता हबशी. तो घर शोधायला आलाच नव्हता. त्याला आणले होते. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला अंबर नावाचा एक मुलगा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतला. मालकाची हवेली हेच त्याचे घर आणि हाच त्याचा तुरुंग. चंगीझखान वारला आणि अंबर मोकळा झाला; मोकळा म्हणजे बेघर. पुढे तोच मलिक अंबर म्हणून निजामशाहीचा आधार बनला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाली. त्या शहराला पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. ज्याच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नव्हते, त्याने हजारोंच्या घरांसाठी शहर आखले. दख्खनच्या इतिहासात याच्या तोडीचे दुसरे उदाहरण आम्हाला दिसत नाही.

१५८९

आता त्या प्रकरणाकडे यावे लागेल, ज्याबद्दल नगरात फारसे बोलले जात नाही.

आफाकींना मिळणाऱ्या मानाने दख्खनी मनातून दुखावलेले होते आणि त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. ज्याच्या बापाने येथे रक्त सांडले तो देवडीवर उभा आणि काल जहाजातून उतरलेला फारसीच्या जोरावर आत बसलेला, असे चित्र अनेकदा होते. काही आफाकी येथल्या माणसाला, त्याच्या काळ्या रंगाला आणि दख्खनी बोलीला हसत असत. ही आग जुनी होती. पंधराव्या शतकाच्या मध्यावर चाकणला आफाकींची कत्तल झाली होती. १४८१ मध्ये गीलानहून आलेला बहमनी वजीर महमूद गवान बनावट पत्राच्या आधारे मारला गेला, आणि त्या कटात नगरच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन होता.

१५८८ मध्ये मीरान हुसैनने आपला बाप मुर्तजा निजामशाह याला ठार करून तख्त मिळवले. पुढच्याच वर्षी त्याचा वकील मिर्झाखान या आफाकीने मीरान हुसैनला कैद केले आणि लहानग्या इस्माईलला तख्तावर बसवले. जमालखान या दख्खनी सरदाराने लोक जमवले. किल्ल्याला वेढा पडला. मिर्झाखानाने राजाचा शिरच्छेद करून डोके बाहेर दाखवले, आणि मग लोकांना आवरणे कोणाच्याही हाती उरले नाही. किल्ल्याचे दरवाजे जळाले. गुन्हा मिर्झाखानाचा होता. शिक्षा मिळाली ती शहरातल्या प्रत्येक आफाकीला. सात दिवस कत्तल चालली. सुमारे एक हजार परदेशी मारले गेले, असे फिरिश्ता सांगतो. त्यांची घरे लुटली, जाळली गेली.

आणि त्याच ठिकाणी तो एक गोष्ट नोंदवून ठेवतो. जे थोडे वाचले ते दख्खनी आणि हबशी सरदारांच्या आश्रयामुळे वाचले.

या ओळीवर आम्हाला थांबावेसे वाटते. राजाची सनद, इनाम गावे, हवेलीचे उंच तट यांपैकी काहीही त्या सात दिवसांत कामाला आले नाही. सनद देणारा राजाच मेला होता. कामाला आले ते दुसऱ्याचे दार, आणि तेही विरुद्ध गटातल्या माणसाचे. त्या आठवड्यात एखाद्या परक्याला घरात घेणे म्हणजे स्वतःच्या घरावर जमाव ओढवून घेणे होते. तरीही काहींनी दार उघडले.

हे सगळे फिरिश्ताला ठाऊक होते, कारण तो स्वतः आफाकी होता आणि नगरातच होता. मुहंमद कासिम हे त्याचे नाव. त्याचा बाप गुलाम अली हिंदूशाह अस्तराबादहून नगरला आला तो राजपुत्राला फारसी शिकवण्यासाठी. म्हणजे फिरिश्ता एका शिक्षकाचा मुलगा आणि शिक्षकाच्या नोकरीमुळे नगरकर झालेला. मीरान हुसैन त्याचा सहाध्यायी. १५८८ च्या धामधुमीत फिरिश्ता राजाच्या पहाऱ्यावर होता. मीरान हुसैनने त्याला ओळखले म्हणून त्याचा जीव वाचला. एका वर्गात बसल्याची ओळख तेवढी उपयोगी पडली. पण पुढच्या वर्षी तो मित्रही राहिला नाही. १५८९ च्या अखेरीस फिरिश्ताने नगर सोडले आणि विजापूरला इब्राहीम आदिलशाहच्या आश्रयाला गेला. जो ग्रंथ हिंदुस्थानच्या इतिहासासाठी आजही उघडावा लागतो, तो त्याने तेथे पुरा केला. विस्थापित झालेला माणूस जुन्या शहराबद्दल ज्या बारकाईने लिहितो, ती बारकाई त्याच्या निजामशाहीच्या प्रकरणात आहे.

दोनच वर्षांनी दुसरा बुऱ्हाण तख्तावर आला आणि ईराणी पुन्हा दिसू लागले. जुहूरीने आपले 'साकीनामा' हे काव्य याच बुऱ्हाणला अर्पण केले. पण जुहूरीही शेवटी विजापूरला गेला. १६०० मध्ये चांदबीबी मारली गेली, किल्ला मोगलांकडे गेला आणि आफाकी-दख्खनी वादाला नगरात अर्थ उरला नाही.

नंतरचे परदेशी

१८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला आणि नवे परदेशी आले. त्यांना घर मागावे लागले नाही. जुने महाल तयारच होते. चंगीझखानाच्या महालात पुढे जिल्हा न्यायालय भरू लागले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये आले. त्यांच्यातील सिंथिया फॅरार १८३९ पासून येथे मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये नगरातच वारल्या. शाह ताहिर यांच्या उलट, त्या येथेच राहिल्या.

काही परदेशी नाइलाजाने आले. बोअर युद्धातले कैदी, पहिल्या महायुद्धात नजरकैद झालेले जर्मन आणि ऑस्ट्रियन, दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पुन्हा जर्मन. तिबेटवरच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेला हाइनरिख हारर हाही काही काळ नगरच्या छावणीत होता. १९४२ मध्ये नेहरू, मौलाना आझाद आणि त्यांचे सहकारी किल्ल्यात आणले गेले. मक्केत जन्मलेल्या आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे येथेच लिहिली. ते कोणाही अर्थाने परके नव्हते, पण सरकारने त्यांना नगरात जी जागा दिली तिला बाहेरून कडी होती.

आजही परदेशी येतात. अरणगावजवळच्या मेहराबादला १९२३ पासून मेहेरबाबांचे ठाणे झाले आणि जगभरचे भक्त तेथे येऊ लागले. मेहेरबाबांचे आईवडील ईराणी वंशाचे. शाह ताहिर यांच्याच देशातले. आता सनदेच्या जागी व्हिसा आहे, इनामाच्या जागी भाडेकरार. येथे कायम वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून घर विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मात्र घेता येतो. नियम लिहिलेला आहे, वाचता येतो, मागता येतो. राजाच्या मर्जीपेक्षा ही गोष्ट नक्कीच चांगली.

आज गरीब कोण?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातली मुले बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, शेख, सय्यद अशा घरांतली. यांतील बहुतेकांचे पूर्वज कोठल्याही क्षितिजापलीकडून आलेले नाहीत. फळे विकणारे, कापूस पिंजणारे, बांगड्या भरणारे हे लोक याच मातीतले. तवारिखांच्या भाषेत सांगायचे तर हे आफाकी नव्हेत, दख्खनी आहेत. ज्या दख्खनींनी 'आम्ही येथले, तुम्ही बाहेरचे' असे म्हटले, त्यांचे हे वंशज.

आणि आज ही मुले मोठी होऊन पुण्या-मुंबईला शिकायला, नोकरीला जातात तेव्हा खोली शोधताना त्यांना काय ऐकावे लागते, हे या अंकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फोनवर खोली पक्की केली. भाडे ठरले, अनामत ठरली. शेवटी मालकाने नाव विचारले. नाव सांगितल्यावर खोली 'कालच गेलेली' निघाली. त्याची मराठी शुद्ध होती, नोकरी चांगली होती. गाव विचारले असते तर त्याने सांगितले असते : नगर, पिढ्यान्‌पिढ्या नगर. गावापर्यंत बोलणे गेलेच नाही. खिशात पगार असून तो अरबीतल्या अर्थाने 'गरीब' ठरला.

यावर सोपा तोडगा लोक काढतात तो म्हणजे आपल्यांच्या वस्तीत घर घेणे. सुरक्षित वाटते, अजानची हाक ऐकू येते, लग्नकार्याला माणसे मिळतात. आम्हीही त्याच सोयीने राहतो. पण १५८९ चा दाखला आठवला की मन शंकित होते. त्या सात दिवसांत आफाकींना आफाकींच्या पुऱ्याने वाचवले नाही. ज्यांची ओळख पुऱ्याबाहेर, दख्खनी आणि हबशी घरांत होती, त्यांना दार सापडले. एकगठ्ठा वस्ती जमावाला शोधायलाही सोपी असते. जे मालक नाव ऐकून दार लावतात ते आपले नुकसान करतातच, पण आपणही आपल्या गल्लीत दुसऱ्याला खोली देताना नाव विचारत नाही ना, बिहारहून आलेल्या गवंड्याला, पारधी कुटुंबाला आपल्या शेजारी जागा मिळते का, हेही पाहिले पाहिजे. गरीबाशी आपले वर्तन कसे, यावरूनच आपली तक्रार किती खरी ते ठरेल.

एक काम मात्र आपल्या हातचे आहे. नगर, श्रीगोंदा, पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कितीतरी मुसलमान घरांत जुन्या ट्रंकांत फारसी सनदा, मोडीतली इनामपत्रे, खरेदीखते पडून आहेत. कोणाला वाचता येत नाहीत म्हणून ती वाळवीला जात आहेत. कोणते घर कोणी कोणाला विकले, साक्षीला कोणता पाटील, कोणता जोशी, कोणता मुलाणा होता, हे त्या कागदांत आहे. गावात कोण किती पिढ्यांचा, याचा वाद त्या साक्षीदारांच्या नावांपुढे उभा राहणार नाही. मोडी शिकलेली आणि फारसी वाचू शकणारी मुले एकत्र बसवून हे कागद वाचून घ्यावेत, छायाचित्रे काढून ठेवावीत. कत्तलीचा आकडा फिरिश्ताने लिहून ठेवला. दार उघडणाऱ्यांची यादी त्याने दिली नाही. निदान आपल्या गावापुरती ती यादी आपण करू शकतो.